नाशिकहून एनसीपीए: एका दिवसात प्रदर्शन आणि नाटक जमेल का?

सिडकोकर
शनिवारी पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई, दुपारी चित्रप्रदर्शनं, संध्याकाळी सातला एनसीपीएत (नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात) नाटक आणि रात्रीच परत, असा बेत आहे. सोबत सासूबाई आहेत, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. तिकीट कुठलं काढावं आणि परत कसं यावं?

तिसरी_घंटा
आधी थिएटरचं नाव बघा, एनसीपीएत पाच आहेत. टाटा थिएटर (१९८०) सुमारे हजार आसनांचं. माइकशिवाय गाणं ऐकू यावं, याच हिशेबानं ते बांधलंय, त्यामुळे मैफलीला मागची स्वस्त रांगही उत्तम. नाटकाला मात्र तसं नाही. तिथल्या खुर्च्या पंख्यासारख्या पसरल्यात, अगदी कडेला बसलात तर मंच तिरका दिसतो. पैसे थोडे जास्त गेले तरी मधलीच खुर्ची घ्या.

एक्सपेरिमेंटल थिएटर सुमारे ३०० आसनांचं. मंच आणि खुर्च्यांची मांडणी प्रयोगागणिक बदलते, म्हणून तिकिटावर खुर्ची क्रमांक नसेल तर अर्धा तास आधी रांगेत उभं राहा; उशिरा गेलात तर सासूबाईंना वरच्या पायऱ्या चढाव्या लागतील. माहितीपट बहुधा लिटल थिएटरात असतात. ते शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं, चटकन भरतं.

रंगरेषा
पंचवटी अकराच्या आत सीएसएमटीला पोचते आणि जहांगीर कलादालन अकराला उघडतं, प्रवेश फुकट. स्टेशनवरून सरळ टॅक्सी करा. तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार चालतात. सोमवारी संध्याकाळी गेलं तर चित्रं उतरवणं सुरू असतं. शनिवार चांगला. समोरच्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) दालनं घुमटापर्यंत एकावर एक चढत जातात. सासूबाईंसाठी खालचंच दालन पुरे, तेही निवांत बघण्यासारखं असतं. एनसीपीएतलं पिरामल दालन छायाचित्रांचं आहे, ते नाटकाआधी उरकता येईल. एनसीपीएला मेट्रोनं जायचं तर विधान भवन स्टेशन, पण पुढे बरंच चालावं लागतं, म्हणून टॅक्सीच.

नाशिकरोड_अपडाउन
परतीची पंचवटी सव्वासहाच्या सुमारास सुटते, ती विसरा. नाटक साडेनऊ-दहापर्यंत संपलं तर मध्यरात्रीनंतर सुटणारी महानगरी एक्सप्रेस सोयीची, नाशिकरोडला पहाटे तीनच्या पुढे उतरवते. आरक्षण करताना इथेच घोटाळा होतो. गाडी बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शनिवारी रात्री बसायचं तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. शनिवारचं काढलं तर ती गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. पहाटे नाशिकच्या सिडकोपर्यंतची रिक्षा आधीच सांगून ठेवा.

जड बॅग नेऊ नका. न्यावीच लागली तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, आणि गाडीचं तिकीटही दाखवावं लागतं.