‘सीलबंद गोळी, मग टोचली तर काय बिघडलं?’ असं विचारणाऱ्यांसाठी

गवतीचहा
ब्यूप्रेनॉर्फिन म्हणजे गर्दसारख्या अफूवर्गीय व्यसनावर उपचार म्हणून जिभेखाली ठेवायला देतात ती गोळी. तिच्यावरच्या चर्चेत एका महाशयांनी छातीठोकपणे लिहिलंय : "गोळी कारखान्यातून येते, भेसळ नाही, वर नॅलोक्सोन (अफूवर्गीय औषधांचा परिणाम उलटवणारं औषध) घातलेलं. टोचून घेतली तरी गर्दपेक्षा सुरक्षितच." त्यावर माना डोलावणारेही निघाले, म्हणून हा वेगळा धागा.

गोळी शुद्ध असते ती जिभेखाली ठेवण्यापुरती. शिरेत जाणारं द्रव निर्जंतुक लागतं आणि त्यात न विरघळलेला कण चालत नाही. गोळीत औषध ८ मिलिग्रॅम, बाकी सगळा भराव : लॅक्टोज, मक्याचा स्टार्च, पोव्हिडोन, मॅग्नेशियम स्टिअरेट. यातलं लॅक्टोज विरघळतं. स्टार्च आणि स्टिअरेट नाही. स्टार्चचा कण साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा, फुफ्फुसातली केशवाहिनी ७-८ मायक्रॉनची. हाताच्या शिरेतून निघालेला कण हृदयाच्या उजव्या बाजूने थेट तिथे जाऊन अडकतो. त्याभोवती बारीक गाठी धरतात, फुफ्फुसातला रक्तदाब वाढत जातो, आणि जिना चढताना धाप लागेपर्यंत पत्ता लागत नाही. काही गोळ्यांत टाल्क असतं. त्याचा निचरा शरीराला जवळपास करताच येत नाही.

उंटावरचा शहाणा
नॅलोक्सोन सोयीस्करपणे गाळलंत. ८ मिलिग्रॅमला २ या प्रमाणात ते गोळी कुणी टोचू नये यासाठीच आहे. जिभेखाली जेमतेम शोषलं जातं, टोचलं की पूर्ण काम करतं आणि अंगात विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याची तळमळ, उसळतं. दुसऱ्यांदा कोण धजेल? विषय संपला.

चौथा मजला
संपला म्हणे! ज्याच्या अंगात हेरॉइन किंवा मेथाडोन (उपचारातलं दुसरं अफूवर्गीय औषध) आहे त्याला उसळेल, आणि तेही नुसत्या ब्यूप्रेनॉर्फिनने उसळू शकतं. पण जो रोज ब्यूप्रेनॉर्फिनवरच आहे, त्याच्या रिसेप्टरवर (मेंदूत ही औषधं जिथे चिकटतात त्या जागेवर) ते इतकं घट्ट बसलेलं असतं की २ मिलिग्रॅम नॅलोक्सोन त्याला फारसं हलवू शकत नाही. शिवाय नॅलोक्सोन तास-दीड तासात ओसरतं, ब्यूप्रेनॉर्फिन दिवसभर टिकतं. म्हणजे ज्याच्या हातात गोळी रोज पडते, त्याच्यासाठीच हे कुंपण सगळ्यात बुटकं.

उंटावरचा शहाणा
बरं, ‘बुटकं’ कुंपण. म्हणजे आहे तर! आणि कण अडकतात तर गाळून घ्यावं. तेवढी अक्कल लोकांना असते.

गवतीचहा
कापूस किंवा सिगारेटचं थोटूक मोठे कण धरतं, बारीक सोडतं, वर स्वतःचे तंतू आत पाठवतं. ओलसर कापूस पुन्हा वापरला की त्यात वाढलेले जंतूही सोबत. बारीक छिद्रांचे खास फिल्टर कण बरेच कमी करतात, हे खरं. पण हेपटायटिस सीचा विषाणू त्यातूनही पार होतो. कातडीवरचा स्टॅफिलोकोकस जंतू तर फिल्टरच्या वाटेला जातच नाही, तो सुईबरोबर आत शिरतो. मग हृदयाच्या उजव्या बाजूच्या त्रिदली झडपेवर बसतो. थंडी वाजून ताप, खोकला, छातीत कळ. लोक विड्रॉवल समजून अंगावर काढतात. उपचार : चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, आणि ज्याच्या शिरा आधीच बसल्यात त्याला ते द्यायचं कुठून?

काडीपेटी
दोन गोष्टी राहिल्या. उपचार केंद्रात सगळ्यांसमोर जिभेखाली ठेवलेली गोळी बाहेर येऊन थुंकली जाते आणि तीच टोचली जाते. तोंडातली कॅन्डिडा बुरशी त्या लाळेबरोबर रक्तात जाते आणि डोळ्यात घर करते. काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, नजर धूसर होते, डोळ्यापुढे ठिपके तरंगतात. उशीर झाला तर दृष्टी जाते.

दुसरं, शीर समजून धमनीत गेलं तर. आग टोचल्या जागी न थांबता बोटांच्या टोकांपर्यंत उतरते, पंजा पांढरा-निळा पडतो, सुजतो. बर्फ लावत, चोळत बसू नका. त्याच क्षणी इस्पितळ. वेळेत पोचूनही बोटं काढावी लागलेली आहेत.

तिरपागडे
मग थुंकायला संधी का देता? गोळ्या घरी देणं बंद करा. सिंगापूरने २००६ मध्ये हे औषधच बंदी घातलेल्या ड्रग्जच्या यादीत टाकलं. विषय खलास.

चौथा मजला
आणि फ्रान्सने १९९६ मध्ये साध्या डॉक्टरांना लिहून द्यायची मुभा दिली, तर पुढच्या काही वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशांनी घटले. हे कुठल्या खिशात ठेवलंत? रोज रांगेत उभं केलं की ज्याची नोकरी आहे तो आधी गळतो.

तिरपागडे
तिथे सुईने घेणारेही वाढलेच की. आणि मेलेल्यांपैकी कित्येकांच्या रक्तात झोपेच्या गोळ्या सापडल्या, तेही सांगा.

चौथा मजला
सांगतो. एकट्या ब्यूप्रेनॉर्फिनला श्वास मंदावण्याची एक हद्द असते. त्यावर अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी झोपेची गोळी किंवा दारू चढली की ती हद्द पुसली जाते. हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे, तुमच्या नाही! लोक का टोचतात ते एकदा विचारा. १६ मिलिग्रॅमची गरज असलेल्याला ४ वर ठेवता आणि संध्याकाळी तळमळला की त्यालाच लबाड ठरवता.

तिरपागडे
विकायला नेलेल्या गोळ्याही डोस कमी पडला म्हणूनच का?

काडीपेटी
दोघांनी जरा शांत व्हा. डोस पुरेसा हवा हे मान्य. पण सुरुवातीचे काही आठवडे समोर देणं, गोळीचा भरड चुरा करून जिभेखाली ठेवणं, पाच-दहा मिनिटं थांबवून तोंड तपासणं यात अपमान कसला? स्थिर झाला की घरी द्या.

चौथा मजला
‘सुरुवातीचे काही आठवडे’ म्हणत असाल तर चालवून घेतो. ‘कायम’ म्हणणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

उंटावरचा शहाणा
महिन्यातून एकदा घ्यायचं ब्यूप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन तर अमेरिकेत २०१७ मध्येच मंजूर झालंय. म्हणजे टोचणं मुळात वाईट नाही. घ्या!

गवतीचहा
घेतलं. ते कातडीखाली देतात, शिरेत नाही. द्रव अंगातल्या ओलाव्याला लागताच घट्ट गोळा बनतो आणि त्यातून औषध हळूहळू झिरपतं. तोच गोळा शिरेत बनला तर रक्तवाहिनी तुंबेल, म्हणून सगळ्यात कडक इशारा त्याच्याच माहितीपत्रकावर चौकटीत छापलाय आणि ते पेशंटच्या हाती देतच नाहीत.

उंटावरचा शहाणा
ठीक. शिरेपुरतं तुमचं खरं धरतो. पण ओव्हरडोसला नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा आहेच ना?

काडीपेटी
आहे, आणि द्यायचाच. पण ब्यूप्रेनॉर्फिन सहज सुटत नाही. एका फवाऱ्यात भागेलच असं नाही, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा द्यावा लागतो. झोपेच्या गोळ्यांवर तर तो चालतच नाही. तोवर हनुवटी वर करून तोंडाने श्वास देत राहायचं, आणि रुग्णवाहिका फवारा शोधायच्या आधी बोलवायची.