मीडियन नर्व्ह जोडल्यानंतर बोटांची संवेदना : ठाण्यात हँड थेरपी कुठे?

नमस्कार मंडळी,

नौपाड्यात राहते, घरूनच ब्लाउज शिवते. काचेचा बाऊल घासताना फुटला आणि उजव्या मनगटातली मीडियन नर्व्ह (अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना स्पर्श कळवणारी नस) कापली गेली. ऑपरेशन करून जोडली. नर्व्ह दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, त्यामुळे बोटांच्या टोकापर्यंत पोचायलाच सहाएक महिने लागतील, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं.

आता स्पर्श कळायला लागलाय, पण भलताच! तर्जनीला हात लावला की मधल्या बोटाला लावल्यासारखं वाटतं. करंगळी पहिल्यापासून ठणठणीत. टाचणी टोचली तर कळतं, पण चिमटीतली सुई आहे की पडली ते बघावंच लागतं. हुक-काजं तर विसराच.

जवळच्या एका फिजिओथेरपीवाल्यांनी वॅक्स बाथ घ्यायला सांगितलं. गरम-गार न कळणारी बोटं वितळलेल्या मेणात बुडवायची? कुकरचं झाकण लागलेलं मला फोड आल्यावर समजलं होतं. नको म्हणून आले.

घरी चिंध्यांच्या पिशवीतून खण, मलमल, नेट काढून बोटांवर फिरवते. आधी बघत, मग डोळे मिटून. खण ओळखू येतो, मलमल आणि अस्तर अजून एकच वाटतं.

ही बोटांची अदलाबदल जाते का? आणि ठाण्याच्या आसपास हेच काम करणारं कोणी आहे का? ज्यांनी यातून काढलंय त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद :
ताई, माझ्या भावाचंही असंच होतं. जोडलेल्या नर्व्हमधले तंतू जुन्याच वाटेने जातील असं नसतं. मधल्या बोटाचा तंतू तर्जनीत शिरला तरी मेंदू निरोप मधल्या बोटाचाच समजतो. मेंदूला नवे पत्ते शिकवावे लागतात, त्याला सेन्सरी री-एज्युकेशन म्हणतात. तुमचा चिंध्यांचा सराव त्यातलाच. त्यात भर म्हणून पेन्सिलीच्या खोडरबराने बोटावर रेघ ओढा, डोळे मिटून कुठलं बोट ते सांगा, मग बघा. थोडा थोडा वेळ, पण दिवसातून तीन-चारदा. भावाची अदलाबदल बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही.

फिजिओ नको, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून करून घेतात ते उपचार) विचारा. शीवच्या टिळक रुग्णालयात आणि परळच्या केईएममध्ये हा विभाग आहे. वेगवेगळ्या जाडीच्या नायलॉन तंतूंनी बोटं तपासतात ती मोनोफिलामेंट टेस्ट करून घ्या, म्हणजे सुधारणा नोंदीत दिसेल. आणि मलमल-अस्तर एवढ्यात नको, आधी खण आणि नेटमधला फरक पक्का होऊ द्या.

धागाकर्ती :
आभार! शीवला ओपीडीचा केसपेपर किती वाजेपर्यंत काढतात? शाळेची पोरं सोडून निघाले तर चालेल का?