स्ट्रॉबेरीवरील लाल कोळी: आधी मित्रकीटक की आधी फवारणी?

धागाकर्ता: महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ सालीसकट खाल्ले जाते आणि ऐन हंगामात दर दोन-तीन दिवसांनी तोडणी होते. त्यामुळे पानांचा रस शोषणाऱ्या लाल कोळी या बारीक किडीसाठी, ज्या औषधाचा प्रतीक्षा कालावधी (फवारणीनंतर तोडणीपूर्वी सोडायचे दिवस) दोन तोडण्यांमधील अंतरापेक्षा मोठा आहे, ते फळे लागल्यावर फवारणे मला ग्राहकाशी केलेला अन्याय वाटतो. कॅलिफोर्नियातील स्ट्रॉबेरीत फायटोसियुलस हा परभक्षी (किडीला खाणारा) कोळी अनेक दशके सोडला जात आहे. तो लाल कोळ्यावरच जगतो. आपल्याकडेही पहिला उपाय हाच असावा.

प्रतिसाद १: असहमत. केवळ लाल कोळ्यावर जगणारा हा जीव भक्ष्य संपताच उपासमारीने मरतो. त्याच्या अंड्यांना दमट हवा लागते, तर आपल्याकडे फेब्रुवारीनंतरच्या कोरड्या उन्हात लाल कोळ्याची पिढी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते. रोपे, मल्चिंग आणि ठिबक यांवर कर्ज काढून खर्च केलेल्या शेतकऱ्याने पाने तांबूस पडत असताना कशाची वाट पाहायची?

प्रतिसाद २: लाल कोळ्याचा उद्रेक पुष्कळदा फवारणीतूनच होतो, हे येथे सुटते आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी परभक्षी कोळी मरतात आणि लाल कोळी मोकळा सुटतो. निओसियुलस लाँगिस्पिनोसस हा परभक्षी कोळी भारतात मुळातच आढळतो. म्हणजे प्रश्न केवळ विकत आणून सोडण्याचा नसून, आहे ते राखण्याचाही आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण आठवावा: औषधांना न जुमानणारी ती कीड २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या असिरोफॅगस या परोपजीवी (किडीच्याच शरीरात वाढणाऱ्या) कीटकाने आटोक्यात आली.

प्रतिसाद १: पायरेथ्रॉइडबाबतचा मुद्दा मान्य, पपईचा नाही. पपईची बाग वर्षभराहून अधिक काळ उभी असते, म्हणून परोपजीवी तेथे स्थिरावतो. स्ट्रॉबेरीची लागवड दरवर्षी नव्याने होते. शिवाय मुळे कुरतडणाऱ्या हुमणीला हे परभक्षी कोळी शिवतही नाहीत.

धागाकर्ता: हुमणीसाठी मेटारायझियम ही बुरशी वापरतात, तो विषय वेगळा. लागवड दरवर्षी नवी असते, म्हणूनच परभक्षी कोळी दरवर्षी आणि लवकर सोडावे लागतील. डिसेंबरपासून भिंगाने पानांची खालची बाजू तपासावी, कीड तुरळक असतानाच त्या जागी ते सोडावेत, आणि जेथे लाल कोळ्याने पानांवर जाळी धरली असेल तेवढ्याच वाफ्यावर, मित्रकीटकांना कमी घातक असे कोळीनाशक फवारावे.