बर्लिन फिलहार्मोनी : आईला कुठे बसवू?

प्रश्न : आई पुण्याहून येतेय. सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं भारतीय बैठकीत बसून ऐकणारी. बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहात पहिल्यांदाच सिंफनी (पाश्चात्त्य वाद्यवृंदाची अनेक भागांची रचना) ऐकणार. तिकीट कुठलं काढू?

उत्तर १ : वाद्यवृंदाच्या मागची जागा. स्वस्त असते, आणि कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, समोरून दिसतो! त्याचा इशारा नेमका कुणाला, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. टिंपानी (नगाऱ्यासारखं वाद्य) मात्र अगदी जवळ वाजते. मोठा आवाज सोसत नसेल तर बाजूचा ब्लॉक बघा. वास्तुविशारद हान्स शारूननं १९६३च्या या वास्तूत श्रोते चहूबाजूंनी बसवलेत, त्यामुळे आईंना बैठकीची आठवण येईल. सिंफनीचा एक भाग संपून दुसरा सुरू होईपर्यंत टाळी नाही, हे आधी सांगा. दाद शेवटी, भरभरून.

उत्तर २ : आत जिने बरेच आहेत. अर्धा तास आधी पोचा.

प्रश्नकर्ता : बाजूचा ब्लॉक काढतो. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, जिन्यांचं बरं सांगितलंत.