खरी सायन्स फिक्शन नक्की कशाला म्हणायचं? यादी करता करता भांडण लागलंय

उल्कापात
मंडळी, आमचा एक छोटा वाचनाचा ग्रुप आहे, सगळे सायफायचे वेडे. नवीन लोकांसाठी यादी करायची ठरलं, की बाबांनो खरी सायन्स फिक्शन वाचायची तर इथून सुरू करा, आणि त्या 'खरी'वरून जे पेटलंय ते विझायचं नाव नाही. एक मित्र फिजिक्सवाला आहे, त्याचा नियम एकदम कडक. आजच्या विज्ञानाला न चालणारी एक जरी गोष्ट दिसली की पुस्तक बाद, फँटसीच्या कपाटात टाका. पहिल्या फटक्यात स्टार वॉर्स गेलं, त्यावर कोणी रडलं नाही. पण मग प्रकाशापेक्षा वेगाने जाणारी यानं बाद, म्हणजे असिमॉव्हचं फाउंडेशन बाद, आणि भूतकाळात-भविष्यात उड्या मारणं बाद म्हणजे वेल्सचं १८९५ चं टाइम मशीनपण बाद!! आता ते काढल्यावर राहतं काय हो? दुसरीकडे एक मैत्रीण म्हणते भविष्यात घडतंय ना, झालं तर मग, घ्या यादीत. ते तर अजूनच ढिलं. तुम्ही रेघ कुठे मारता?

चंबूगबाळं
तुझ्या फिजिक्सवाल्या मित्राला सांग की हे भांडण ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स या जुन्या लेखकांच्या काळापासून चालू आहे, आणि त्यात त्याचा पक्ष वाटतो तेवढा मजबूत नाही.

व्हर्नने १८६५ मध्ये माणसं चंद्राकडे पाठवली ती तोफेतून. ९०० फूट लांब तोफ, सगळे आकडे दिलेले, गनकॉटन म्हणजे स्फोटक किती, वेग किती. वेल्सने १९०१ मध्ये सरळ एक पदार्थ शोधून टाकला, कॅव्होराइट, ज्याने गुरुत्वाकर्षण अडवलं जातं, बस्स, झालं काम. व्हर्न म्हातारपणी यावर चिडला होता, की मी फिजिक्स वापरतो आणि हा मनाने काहीतरी बनवतो, दाखवा म्हणावं तो धातू. ऐकायला बरोबर वाटतं ना? आता गणित कर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला साधारण ११ किलोमीटर वेग लागतो, तो ९०० फुटांत मिळवायचा तर आतल्या माणसांवर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून जास्त जोर येतो. व्हर्नने धक्का कमी करायला खाली पाण्याचे थर ठेवले होते, पण त्याने काय होणार, तोफेतून बाहेर पडायच्या आधीच प्रवाशांचा भुगा. आणि पुढच्या भागात ते लोक फक्त पृथ्वी आणि चंद्राची ओढ जिथे सारखी होते तेवढ्याच जागी तरंगतात, खरं तर तोफेतून सुटल्यापासून वाटभर तरंगायला हवेत.

म्हणजे 'खऱ्या' विज्ञानवाल्याची माणसं मेली आणि खोट्या धातूवाल्याची चंद्रावर पोचली. विज्ञान बरोबर की चूक यावर यादी करायची तर व्हर्न पहिला बाद होतो. मान्य आहे का मित्राला?

शून्यगुरुत्व
मी त्या फिजिक्सवाल्याच्या बाजूने. (तो मी नव्हे!)

चुकणं वेगळं आणि फिकीर नसणं वेगळं. व्हर्न चुकला, पण त्याने हिशेब मांडला म्हणून तर तुम्ही आज त्याची चूक काढू शकता. कॅव्होराइटची चूक काढून दाखवा, धरायला जागाच नाही. हार्ड सायन्स फिक्शनची, म्हणजे विज्ञान काटेकोर पाळणाऱ्या कथांची, गंमत मुळात या पकडापकडीत आहे. निव्हनने १९७० मध्ये रिंगवर्ल्ड लिहिलं, ताऱ्याभोवती फिरणारं अख्खं कडं, तर पुढच्याच वर्षी सायन्स फिक्शनच्या संमेलनात एमआयटीची पोरं घोषणा देत होती की हे कडं स्थिर राहणार नाही. आणि खरंच राहत नाही हो, जरा सरकलं की सरकतच जाऊन ताऱ्यावर आपटणार. निव्हनने काय केलं, पुढच्या पुस्तकात कड्याला सावरणारी इंजिनं बसवली! असा लेखक-वाचक खेळ दुसऱ्या कुठल्या प्रकारात होतो सांगा. हॅल क्लेमेंटने तर एक चपटा ग्रह बनवला जो इतका गरागरा फिरतो की विषुववृत्तावर गुरुत्व आपल्या तिप्पट आणि ध्रुवांवर सातशे पट, आणि मग तिथले प्राणी उंचीला का घाबरतात हे त्यातून आपोआप येतं. तिथे विज्ञान काढलं तर गोष्टच उरत नाही.

बोलघेवडी
@शून्यगुरुत्व तुझं शेवटचं वाक्य तेवढं घेते, बाकी ठेव तुझ्याकडे :)

माझी कसोटी तीच आहे. कल्पना काढून घ्या, गोष्ट उभी राहते का बघा. अवकाशयानाच्या जागी घोडा आणि लेझरच्या जागी पिस्तूल ठेवून तीच गोष्ट चालत असेल तर ती आधीपासून घोड्याचीच होती. पण यात तुमच्या फिजिक्सलाच एवढा मान का? उर्सुला ल ग्विनच्या लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस कादंबरीत (१९६९) कित्येक प्रकाशवर्षांवर क्षणात निरोप पोचवणारं यंत्र आहे, तुमच्या मित्राच्या नियमाने बाद, पण गोष्ट त्या यंत्राची नाहीच. माणसं कायमची बाई किंवा पुरुष नसतील, महिन्यातले काही दिवसच काय ते ठरत असेल, तर त्यांचं राजकारण, नाती, मानपान कसं असेल? हा अगदी रीतसर प्रयोग आहे, फक्त मानववंशशास्त्रातला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या, नारळीकरांचं गंगाधरपंतांचे पानिपत. इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात जिथे विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले. फक्त एवढंच असतं तर स्वप्न म्हणून सोडून देता आलं असतं. पण शेवटी मित्र त्यांना समजावतो की अणूच्या पातळीवर एकाच वेळी अनेक शक्यता असतात, आणि काही प्रसंग असे असतात जिथे बारीकशा फरकाने सगळं उलटंपालटं होतं, गोळी लागली की चाटून गेली तेवढाच फरक. ते शेवटचं संभाषण काढा आणि सांगा विज्ञानकथा उरते का.

निवांत_वाचक
बोलघेवडीताई, कसोटी छान आहे पण भोक आहे तिला. जादूच्या कादंबऱ्यांतही आजकाल कडक नियम असतात, कुठला मंत्र किती चालतो, त्याची किंमत काय, वगैरे. जादू काढली तर त्याही कोसळतात. मग त्या पण सायन्स फिक्शन का?

चंबूगबाळं
@निवांत_वाचक नाही. माझ्या मते फरक हा की ती गोष्ट दुसऱ्या कोणाला करता येईल का.

फ्रँकेन्स्टाइन बघा, १८१८ चं. मेरी शेलीने तो प्राणी जिवंत कसा झाला याची धड कृती दिलेलीच नाही, विज्ञान म्हणून बघितलं तर कॅव्होराइटपेक्षा कमीच. तरी बहुतेक लोक सुरुवात तिथून धरतात, का? कारण व्हिक्टर आधी जुन्या किमयागारांच्या नादी लागलेला असतो, मग विद्यापीठात रसायनशास्त्र शिकतो आणि त्यातून हे करतो. आणि मुख्य म्हणजे तो कृती मुद्दाम लपवतो, कारण दुसऱ्याला कळली तर तोही बनवेल ही भीती आहे. जादूत ही भीती नसते. तिथे वंश लागतो, वरदान लागतं, भविष्यवाणीत नाव लागतं.

नुसतं शास्त्रीय स्पष्टीकरण चिकटवून काही होत नाही याचा पुरावा स्टार वॉर्सवाल्यांनीच दिलाय. १९९९ च्या सिनेमात त्यांनी सांगितलं की ती फोर्स नावाची गूढ शक्ती माणसाला जाणवते ती पेशींतल्या सूक्ष्मजीवांमुळे, रक्त तपासून ते मोजता येतात वगैरे. त्याने ते जास्त सायन्स फिक्शन झालं का? उलट चाहतेच भडकले, की आमची जादू का बिघडवली.

शून्यगुरुत्व
हे पटलं मला, बरंचसं. तरी एक राहतंच, हिशेब मांडणाऱ्याला वेगळे मार्क हवेत. आणि कडक म्हणून मिरवणारे पण सूट घेतातच म्हणा, द मार्शन या कादंबरीत सुरुवातीचं वादळ यान पाडायला निघतं, मंगळावर हवेचा दाब आपल्या १ टक्क्याहून कमी, तिथलं वादळ म्हणजे झुळूक. लेखकाला ते माहीत होतं, त्याने तसं उघड सांगितलंय, नाट्यासाठी ठेवलं. जाणूनबुजून एक थाप आणि बाकी सगळा हिशेब चोख, मला चालतं.

उल्कापात
लोकहो धन्यवाद, ग्रुपवर सगळं वाचून दाखवलं. तह झाला. यादीला 'खरी' म्हणायचं नाही, आणि प्रत्येक पुस्तकापुढे फिजिक्सवाला विज्ञान कुठे चुकलंय त्याची टीप लिहिणार. व्हर्नवरच त्याचं पान भरलंय, खुशीत आहे.

फक्त एक शंका. चंबूगबाळं, तुमच्या हिशोबाने ड्यून कादंबरीचं काय करायचं? तिथे भविष्य दिसतं ते एका निवडलेल्या वंशातल्या पोराला, भविष्यवाणी पण आहे, म्हणजे फँटसी? पण तो वंश कोणीतरी पिढ्यान् पिढ्या ठरवून पैदास करून आणलाय, आणि ती भविष्यवाणी पण मुद्दाम पेरलेली, म्हणजे प्रयोगच की.

बोलघेवडी
ड्यूनला हात लावू नका, चारशे प्रतिसाद होतील. वेगळा धागा काढ.

चंबूगबाळं
काढच. मी तयारीला लागतो.