सोसायटी ग्रुपवरील चर्चा : कॅसेट संगणकावर घेताना येणारे हमिंग

सी-६०३ : सर्वांना नमस्कार. सोसायटीत इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेली मंडळी आहेत, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो. विषय ग्रुपच्या कामकाजाबाहेरचा वाटल्यास सचिवांनी निःसंकोच सांगावे. आईच्या भजनी मंडळाच्या आणि वडिलांनी आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटी संगणकावर घेण्याचे काम मी हौसेने सुरू केले आहे. कॅसेट डेक ॲम्प्लिफायरला जोडलेला आहे आणि ॲम्प्लिफायरच्या ‘टेप आउट’मधून निघालेली आरसीए केबल (लाल-पांढऱ्या गोल पिनांची ऑडिओ वायर) डेस्कटॉपच्या मागच्या निळ्या सॉकेटमध्ये जाते. कॅसेट चालू असो वा बंद, रेकॉर्डिंगमध्ये एकसारखा ‘घूंऽऽ’ असा आवाज येत राहतो. हेडफोन थेट डेकला लावला तर मात्र आवाज स्वच्छ असतो. केबल बदलूनही फरक पडला नाही.

दुसरी अडचण फोनची आहे. मुलीच्या नव्या फोनला हेडफोनचे सॉकेट नाही, म्हणून टाइप-सी ते ३.५ मिलिमीटर अशी छोटी वायर आणली. ती माझ्या फोनवर चालते, पण तिचा फोन तिला ओळखतच नाही. दोन्हींबाबत मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

बी-२०२ : साहेब, आमच्या होम थिएटरला असाच आवाज होता. इलेक्ट्रिशियनने प्लगची वरची जाड पिन काढून टाकली आणि आवाज त्याच क्षणी थांबला. आपणही संगणकाला टू-पिनचा कन्व्हर्टर लावून पाहा, दहा-वीस रुपयांचे काम आहे.

ए-१०४ : बी-२०२, या उपायाने आवाज जातो हे खरे आहे, पण तो का जातो हे कळल्यावर आपण स्वतःच तो प्लग बदलून घ्याल. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याच्या कॅबिनेटकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून झिरपणारा प्रवाह अर्थच्या पिनेतून जमिनीत जावा अशी रचना असते. ती पिन काढली की कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. मागच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळेच. प्रवाह अत्यल्प असल्याने एवढ्यावर निभावते. उद्या आत कोठे इन्सुलेशन खराब झाले आणि फेज पत्र्याला टेकली, तर मात्र पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) ते ॲम्प्लिफायर, डेक व कानावरच्या हेडफोनपर्यंत पोहोचतील. अर्थ शाबूत असेल तर अशा वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) तत्काळ पडतो. अर्थ तोडलेला असेल तर तो कोणाचा तरी हात लागेपर्यंत वाट पाहतो. नोकरीची सगळी वर्षे विजेच्या कामात गेल्यामुळे या बाबतीत मी थोडा कठोर बोलतो, राग मानू नये, पण आपल्या होम थिएटरचा प्लग आजच बदलून घ्यावा.

बी-२०२ : राग कसला काका, हे ठाऊकच नव्हते. संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावतो.

डी-५०१ : सी-६०३, मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करते. तीन गोष्टी तपासून कळवाल का? डेकचा प्लग भिंतीतून काढला, पण केबल तशीच ठेवली, तर आवाज राहतो का? ॲम्प्लिफायरला डेकव्यतिरिक्त आणखी काय जोडलेले आहे? आणि ऑडेसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या ‘घूं’चा थोडा भाग निवडून त्याचा स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झचा आवाज किती आहे याचा आलेख) काढला, तर सर्वांत उंच टोक ५० हर्ट्झवर दिसते की १०० वर? ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर कमजोर झाले असतील तर आवाज प्रामुख्याने १०० हर्ट्झचा असतो, कारण एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर मेन्सच्या, म्हणजे घरातील विजेच्या, ५० हर्ट्झच्या लहरीचे दोन्ही अर्धे वापरतो. ५० चे टोक उंच असेल तर दोष बहुधा यंत्रांत नसून जोडणीत आहे.

सी-६०३ : ताई, डेकचा प्लग काढला तरी आवाज कायम आहे. ५० वर सर्वांत उंच टोक आहे, त्यानंतर १५० वर, आणि १०० वर फारच थोडे. डेक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही टू-पिनचे आहेत. टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर ऐकता यावा म्हणून सेट-टॉप बॉक्सची ऑडिओ वायरही ॲम्प्लिफायरला जोडलेली आहे.

ए-१०४ : गच्चीवरच्या डिशचा बॉक्स आहे का?

सी-६०३ : होय काका. मात्र तो भिंतीवरच्या बटणाने बंद करूनही पाहिला, फरक पडला नाही.

ए-१०४ : बटणाने पडणारही नाही, कारण बटण फक्त वीज तोडते, डिशकडून येणाऱ्या केबलची जाळी बॉक्स बंद असला तरी त्याच्या पत्र्याला जोडलेलीच राहते. आपल्या इमारतीत डिशचे सांगाडे गच्चीच्या लोखंडी रेलिंगला बोल्टने आवळलेले आहेत आणि ते रेलिंग लायटनिंग अरेस्टरच्या पट्टीला जोडलेले आहे. म्हणजे आपल्या हॉलमध्ये अर्थिंग दोन वाटांनी येत आहे : एक संगणकाच्या जाड पिनेतून आणि दुसरी गच्चीवरून, डिशच्या केबलमार्गे. ही दोन टोके एकाच व्होल्टेजवर कधीच नसतात. त्यांच्यातला थोडासा फरक आपल्या आरसीए केबलच्या जाळीतून प्रवाह ढकलतो आणि तो थेट भजनात मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आता एकच करा : बॉक्सच्या मागे गोल, आटे असलेला जो कनेक्टर आहे तो फिरवून काढा. बाकी कशालाही हात लावू नका. रेकॉर्डिंग चालू ठेवूनच काढा, म्हणजे पडद्यावर फरक दिसेल.

सी-६०३ : काका, आटे सुटले तरी आवाज होता, पण कनेक्टरचे धातूचे कडे बॉक्सपासून अलग झाले त्या क्षणी पडद्यावरची जाड पट्टी आकसून रेघ झाली. पुन्हा नुसते टेकवले की ‘घूं’ परत येते.

डी-५०१ : निदान पक्के झाले.

सचिव : छान उलगडा झाला. एक शंका अशी की, डिशच्या केबलमुळे हे होत असेल तर गच्चीवरील सांगाड्यांचे अर्थिंग वेगळे करून घ्यावे का? पुढील आठवड्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग पाहण्यास माणसे येणारच आहेत.

ए-१०४ : सचिव साहेब, ते मुळीच करू नये. पावसाळ्यात गच्चीवरच्या धातूच्या वस्तू अर्थिंगला जोडलेल्या असणे हेच आपल्या हिताचे आहे. लूप तोडायचा तो घरात, ऑडिओच्या बाजूने.

बी-७०५ : काका, केबलच्या मध्ये बसवायचे आयसोलेटर ऑनलाइन मिळतात. ते चालतील का?

ए-१०४ : केबल टीव्ही असता तर चालले असते. डिशच्या बाबतीत बॉक्स त्याच केबलमधून वर डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्टचा डीसी पुरवठा करतो. साध्या आयसोलेटरमध्ये कपॅसिटर असतात आणि कपॅसिटर डीसी अडवतो. हमिंग जाईल, पण टीव्हीही जाईल.

डी-५०१ : म्हणून ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरावा. त्यात दोन वेटोळ्यांमध्ये तारेचा संबंध नसतो, आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि जाळी तुटते. दुकानात तो बहुधा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ म्हणून मिळतो. गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमसाठीही हाच वापरतात. बसवायची जागा मात्र महत्त्वाची आहे. बहुतेक लोक तो संगणकाच्या तोंडाशी लावतात. स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान असल्याने खालचे स्वर तो थोडे खातो आणि मोठ्या आवाजाला विकृती आणतो, त्यामुळे पखवाजाची डावी बाजू बारीक ऐकू येते. तो सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये लावावा. लूप तिथेही तुटतो, त्याचे दोष टीव्हीवरच्या बातम्यांना भोगावे लागतात आणि कॅसेटची वाट मोकळी राहते.

याहूनही सोपे म्हणजे रेकॉर्डिंगपुरते ॲम्प्लिफायरला मधून काढावे आणि डेकचा ‘लाइन आउट’ सरळ निळ्या सॉकेटला जोडावा. मधली पायरी जितकी कमी तितके बरे. निळे सॉकेट निवडलेत ते योग्यच आहे. शेजारचे गुलाबी सॉकेट माइकचे असते, त्यावर माइकसाठी लहानसा व्होल्टेज दिलेला असतो आणि डेकचा जोरकस सिग्नल तिथे फाटतो.

सी-६०३ : डेक सरळ जोडून पाहिला. डिशची केबल जागेवर असूनही आवाज पूर्ण गेला आहे. टीव्हीसाठी तो ट्रान्सफॉर्मर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल का?

ए-१०४ : मिळेल. विचारताना ‘स्टिरिओ, दोन्ही बाजूंना आरसीए’ असे सांगावे, नाहीतर एकाच चॅनेलचा हातात पडतो.

बी-७०५ : सी-६०३, फोनच्या वायरबद्दल सांगतो. टाइप-सीच्या अशा वायरी दोन प्रकारच्या असतात आणि बाहेरून एकसारख्याच दिसतात. एकीत फक्त तारा असतात. फोनने आतूनच ॲनालॉग आवाज त्या सॉकेटवर दिला तरच ती चालते आणि आपला फोन तो देत असावा. दुसरीत डॅकची चिप असते, म्हणजे फोन डिजिटल माहिती पाठवतो आणि तिचे आवाजात रूपांतर वायरच्या टोकाशी होते. आपल्या मुलीच्या फोनला ही दुसरी लागेल. ओळखण्याची युक्ती अशी की, वायर संगणकाच्या टाइप-सी सॉकेटला लावावी : चिप असेल तर साउंडच्या यादीत नवे उपकरण दिसते, नुसत्या तारा असतील तर काहीच होत नाही. खोक्यावर ‘डॅक’ लिहिलेले नसेल तर घेऊ नये.

सी-६०३ : आत्ताच लावून पाहिली, यादीत काहीच आले नाही, म्हणजे नुसत्या ताराच आहेत. मग डॅकवाली वायर घेऊन डेकचे रेकॉर्डिंग थेट फोनवर करता येईल का?

बी-७०५ : त्यासाठी ती उपयोगी नाही. तिच्यातून आत येणारी वाट हेडसेटच्या माइकची असते, म्हणजे एकच चॅनेल आणि तेही माइकच्या पातळीचे. स्टिरिओ हवे असेल तर संगणकच बरा.

डी-५०१ : सहमत. रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिटवर केले तरी कॅसेटसाठी पुरेसे आहे; मिनिटाला साधारण साडेदहा एमबी, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ९५० एमबी जागा लागेल. पातळी अशी ठेवावी की गजराच्या वेळी टोक उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. टाळांचे टोक अचानक उसळते आणि एकदा कापले गेले की ते परत आणता येत नाही. सुरू करण्यापूर्वी डेकचे हेड (पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. पट्टी पुढे सरकवणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र ते वारंवार लावू नये, रबर कडक होते.

आणखी एक. एखादी कॅसेट दबलेली, ब्लँकेटखालून आल्यासारखी ऐकू आली, तर ती जीर्ण झाली असे लगेच समजू नये. ती ज्या डेकवर भरली गेली त्याच्या हेडचा कोन वेगळा असू शकतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. आधी त्याच्या मूळ जागेची खूण करून घ्यावी, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकत राहावे आणि तो अगदी किंचित फिरवावा. टाळ जिथे सर्वांत लख्ख वाजतात ती जागा बरोबर.

सी-६०३ : वडिलांच्या काही कॅसेटी नेमक्या तशाच दबलेल्या आहेत. चुंबक न लागलेला बारीक स्क्रू ड्रायव्हर कोणाकडे आहे का? माझ्या संचातील सगळे चुंबकीय टोकाचे आहेत आणि तो हेडजवळ नेण्याची हिंमत होत नाही.

ए-१०४ : माझ्याकडे आहे. पाचनंतर घरी असतो, केव्हाही घेऊन जा.

सचिव : सी-६०३, भजनी मंडळाच्या कॅसेटींत सोसायटीच्या गणेशोत्सवातील काही निघाल्यास कृपया कळवावे. कार्यालयातील कपाटातही काही कॅसेटी आहेत, पण त्यांतील दोन-तीन पट्ट्या तुटलेल्या आहेत.

डी-५०१ : तुटलेल्या पट्टीला घरगुती सेलोटेप लावू नये, त्याचा गोंद पाझरून हेडला चिकटतो. माझ्याकडे स्प्लायसिंग टेप आहे. रविवारी सकाळी कार्यालय उघडे ठेवलेत तर मी जोडून देईन.