हिवाळ्यातील पाणीवापरावरून वर्षभराचे मलनिस्सारण शुल्क का आकारले जाते?

प्रश्न
आमच्या बिलात पाणीपट्टी आणि मलनिस्सारण शुल्क अशा दोन रकमा असतात. उन्हाळ्यात बागेमुळे पाणीपट्टी जवळजवळ दुप्पट होते, पण मलनिस्सारणाची रक्कम बारा महिने तीच राहते. यंदा हिवाळ्यातील पाणीवापराची नवी सरासरी लागू होताच ही रक्कम बरीच वाढली. हिवाळ्यात आमच्या फ्लशची टाकी काही आठवडे गळत होती. ती दुरुस्त होऊनही शुल्क उतरलेले नाही. असे का व्हावे आणि यावर काही उपाय आहे का?

उत्तर १
घरातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याला मीटर लावणे व्यवहार्य नसते, कारण मलवाहिनी सहसा अर्धवट भरून उतारावरून वाहते आणि त्यातल्या घन पदार्थांमुळे साधे मीटर तुंबते. म्हणून घरात आलेल्या पाण्यावरूनच बाहेर गेलेल्या पाण्याचा अंदाज बांधला जातो. बागेला घातलेले पाणी जमिनीत मुरते किंवा हवेत उडून जाते आणि मलवाहिनीत येतच नाही. त्यामुळे बागेला पाणी लागत नाही अशा हिवाळी महिन्यांचा वापर मोजून त्याची सरासरी पुढील वर्षभराच्या आकारणीसाठी धरतात. समजा, तीन महिन्यांचा वापर 14, 12 आणि 16 घनमीटर झाला, तर सरासरी 14 येते. मग उन्हाळ्यात 30 घनमीटर पाणी वापरले तरी मलनिस्सारण शुल्क 14 घनमीटरवरच लागते. (एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर.) काही ठिकाणी प्रत्यक्ष वापर आणि सरासरी यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरतात, आणि ग्राहकाच्या दृष्टीने तेच अधिक न्याय्य आहे असे मला वाटते.

उत्तर २
आपल्या अडचणीचे मूळ या पद्धतीतच आहे. गळतीमुळे सरासरी 14 ऐवजी 20 झाली असेल, तर महिन्याला 6 याप्रमाणे वर्षभरात 72 घनमीटरचे जादा शुल्क भरावे लागते, मग गळती काही आठवड्यांचीच का असेना. दुरुस्तीची पावती आणि दुरुस्तीपूर्वीच्या व नंतरच्या मीटरच्या नोंदी जोडून सरासरीच्या फेरविचारासाठी लेखी अर्ज करावा. एक भेद मात्र ध्यानात असू द्यावा: जमिनीखालील नळ फुटून मुरलेले पाणी मलवाहिनीत गेलेच नाही असे म्हणता येते, परंतु फ्लशच्या टाकीतून गळालेले पाणी खरोखरच तिथे गेलेले असते. म्हणून गळतीच्या काळाच्या आकारणीवर वाद न घालता, ती थांबल्यानंतरच्या महिन्यांसाठी सरासरी कमी करावी एवढीच मागणी केल्यास आपली बाजू भक्कम राहील.

प्रश्नकर्ता
हा भेद माझ्या लक्षात आला नव्हता. पुढील हिवाळ्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर ३
सर्वप्रथम सरासरीसाठी मीटरच्या कोणत्या तारखांच्या नोंदी धरतात ते विचारून घ्यावे, कारण बिलाचा कालावधी नेहमीच महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होत नाही. त्या काळाच्या आधी फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि फ्लश न वापरता दहा-पंधरा मिनिटे थांबावे. भांड्यात रंग उतरला तर टाकीची झडप गळते आहे असे समजावे. रात्री सर्व नळ बंद करून मीटरची नोंद घ्यावी आणि सकाळी पाणी वापरण्यापूर्वी ती पुन्हा पाहावी. पोहण्याचा तलाव भरणे किंवा मोठे बांधकाम ही कामे शक्य असल्यास त्या महिन्यांत टाळावीत. हिवाळ्यातही बागेला पाणी लागत असेल, तर बागेसाठी स्वतंत्र मीटर मिळते का याची चौकशी करावी. त्यावरील पाणी मलनिस्सारणाच्या हिशेबातून वगळले जाते, मात्र मीटर बसवण्याचा खर्च आणि त्याचे स्थिर शुल्क धरून मगच निर्णय घ्यावा.